मोठा निर्णय घेताना नेमकं काय बघायचं, म्हणजे नंतर हळहळ वाटत नाही?

निळीशाई

नमस्कार, जरा लांबड लागणार आहे पण पूर्ण वाचा प्लीज.

माझ्या एका खूप जुन्या मैत्रिणीने स्वतःचा व्यवसाय सुरू करायचं ठरवलंय आणि मी पार्टनर म्हणून यावं असं तिला मनापासून वाटतंय. म्हणजे नोकरी सोडायची, साठवलेल्या पैशातला बराचसा भाग त्यात घालायचा आणि पूर्णवेळ उतरायचं. कल्पना चांगली आहे, तिने अभ्यास केलाय, नुसत्या हवेतल्या गप्पा नाहीयेत. अडचण अशी की तिला ह्याच आठवड्यात उत्तर हवंय कारण आणखी एकजण तयार आहे म्हणाली.

रात्री तिच्याशी फोन झाला की वाटतं बस, हेच करायचंय, आणि सकाळी कामाला बसले की पोटात गोळा येतो. घरचे एक सांगतात, ऑफिसमधले दुसरंच. ऐकावे जनाचे करावे मनाचे म्हणतात ते ठीक आहे पण मनच रात्री एक आणि सकाळी भलतंच बोलत असेल तर कुठल्या मनाचं ऐकायचं?

मला "कर" किंवा "नको करू" असं उत्तर नकोय, ते मलाच ठरवायचंय. मला हे विचारायचंय की असा मोठा निर्णय घेताना तुम्ही काय बघता, कसा विचार करता, म्हणजे पुढे काही वर्षांनी "तेव्हा माझी बुद्धी कुठे गेली होती" असं वाटणार नाही. आणि हो, न केल्याचाही पश्चात्ताप होऊ शकतो हे मला कळतंय, म्हणूनच जास्त अडकलेय.

सावकाश

तुम्ही ह्याला एक निर्णय समजताय पण वाचताना मला तरी हे कमीत कमी चार निर्णय एकत्र बांधलेले दिसतायत. मैत्रिणीबरोबर काम करायचं का, नोकरी सोडायची का, पैसे घालायचे का, आणि हे सगळं ह्याच आठवड्यात ठरवायचं का. चारही एकाच गाठोड्यात आले म्हणून ते एवढं जड वाटतंय. सोडवून एकेक बघा. काम करायला हो असेल आणि पैशाला सध्या नाही असेल, तर तसंही सांगता येतं की.

आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा, हे उलटं फिरवता येईल का? जेफ बेझोसने २०१५ सालासाठी अ‍ॅमेझॉनच्या भागधारकांना जे पत्र लिहिलं त्यात हे फार नीट मांडलंय, काही दारं एकाच बाजूने उघडणारी असतात, आत गेलात की परत येणं नाही, आणि काही दोन्ही बाजूंनी उघडणारी, नाही पटलं तर मागे या. दुसऱ्या प्रकारचे निर्णय पटकन घ्यावेत, पहिल्या प्रकारचे सावकाश, सल्लामसलत करून. आपण बहुतेक वेळा उलटं करतो, पडद्याचा रंग निवडायला महिना आणि जामीनदार म्हणून सही करायला पाच मिनिटं, कारण समोर कोणीतरी जवळचं माणूस बसलेलं असतं आणि नाही म्हणायचा संकोच वाटतो.

तुमच्या चारांपैकी काम करून बघणं हे परत फिरता येण्यासारखं आहे. काही आठवडे सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी तिच्यासोबत खरंखुरं काम करा. दोघी फोनवर किती छान बोलता ह्यापेक्षा दोघी एका टेबलावर हिशोबावरून कशा भांडता हे कळणं महत्त्वाचं आहे. पैसे घालणं आणि नोकरी सोडणं मात्र सहज परत न येणारं. ते शेवटी.

राहता राहिली आठवड्याची मुदत. ती नक्की कशामुळे आहे हे तिला सरळ विचारा. खरंच एखादा करार, एखादी जागा हातची जाणार असेल तर ती मुदत खरी. नुसतंच "दुसरा कोणी तयार आहे" असेल तर थोडा वेळ मागा. मागितल्यावर ती कशी वागते त्यातूनही तुम्हाला बरंच कळेल, कारण पुढे प्रत्येक कठीण प्रसंगी तुम्हा दोघींना एकमेकींना थोडा वेळ द्यावाच लागणार आहे.

मनमोकळी

एवढंच सांगेन की हीच ऑफर तुझ्या धाकट्या बहिणीला आली असती आणि तिने तुला विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस ते कागदावर लिही, खरंच पत्र लिहितेस तसं लिही. इगोर ग्रॉसमन आणि ईथन क्रॉस ह्या मानसशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये दाखवलं होतं की माणसं दुसऱ्याच्या अडचणीबद्दल स्वतःच्या अडचणीपेक्षा जास्त शहाणपणाने विचार करतात, आणि स्वतःकडे लांबून बघायला सांगितलं की हा फरक बराच मिटतो. बहिणीला तू नक्कीच चार प्रश्न विचारायला सांगितलं असतंस. ते चार प्रश्न मैत्रिणीला विचार.

रात्रीच्या आणि सकाळच्या मनाबद्दल, दोन्ही तुझीच आहेत, एक खरं आणि एक खोटं असं नाहीये. पण उत्तर देताना फोन नुकताच ठेवलेला नसावा आणि ऑफिसात कोणी नुकतंच खडसावलेलं नसावं. झोप झालेली, पोट भरलेलं, कोणावर राग नाही, कोणाला काही सिद्ध करून दाखवायचं नाही अशा वेळी जे वाटतं त्याला जास्त वजन दे.

आकडेमोड

माझा थोडा वेगळा मुद्दा आहे. तुम्ही विचारताय पश्चात्ताप होऊ नये म्हणून काय करायचं, पण त्यात दोन गोष्टींची सरमिसळ होतेय. एक, परिणाम वाईट झाला म्हणून वाटणारं दुःख. दुसरं, मी नीट विचार केला नाही म्हणून वाटणारी बोच. पहिलं तुमच्या हातात नाही. चांगला विचार करून घेतलेला निर्णयही फसू शकतो आणि डोळे मिटून मारलेली उडीही कधीकधी लागते. दुसरं मात्र बऱ्यापैकी हातात आहे आणि माझ्या मते माणसाला जास्त वर्षं छळतं ते दुसरंच.

गंमत नाही, ह्यावर प्रयोग झालेत. जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी ह्यांनी १९८८ साली लोकांना एका रुग्णावर ऑपरेशन करायचा निर्णय घेणाऱ्या डॉक्टरची हकीकत वाचायला दिली. माहिती तीच, धोका तोच, फक्त शेवट वेगळा, एकात रुग्ण बरा झाला, एकात दगावला. लोकांना विचारलं निर्णय कसा होता, तर दगावल्याचं वाचल्यावर तोच निर्णय कमी दर्जाचा वाटला. डॉक्टरला निर्णय घेताना शेवट माहीत असणं शक्यच नव्हतं तरी. आपण स्वतःच्या बाबतीतही असाच निवाडा करतो, आणि जास्त कडक करतो.

त्यात आठवणही दगा देते. बारूक फिशॉफ आणि रूथ बेथ ह्यांनी १९७२ च्या अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या चीन आणि रशिया दौऱ्याआधी लोकांना काय काय घडेल ह्याचे अंदाज विचारून ठेवले, आणि नंतर विचारलं की तुम्ही तेव्हा काय म्हणाला होतात. जे घडलं त्याबद्दल "हे होणार असं मला बरंच वाटत होतं" असं लोकांना आठवायला लागलं, मूळ आकड्यांपेक्षा जास्त. म्हणजे उद्या धंदा बसला तर तुम्हाला खात्रीने वाटेल की मला तेव्हाच कळलं होतं, आणि चालला तर वाटेल की मला शंका कधी नव्हतीच.

ह्यावर माझ्या ओळखीतला सगळ्यात साधा उपाय म्हणजे आजच लिहून ठेवणं. आज मला काय माहिती आहे, काय माहिती नाही, का हो म्हणतेय किंवा का नाही, काय होईल असं वाटतंय, कशाची भीती आहे, आणि आज मनःस्थिती कशी आहे. तारीख घाला. एक पान पुरे. हे पान दोन कामं करतं, लिहिताना विचारातली भोकं दिसतात, आणि काही वर्षांनी स्वतःला नावं ठेवायची वेळ आली तर पुरावा समोर असतो की तेव्हा जेवढं कळू शकत होतं तेवढं मी बघितलं होतं.

बेंजामिन फ्रँकलिनने १७७२ मध्ये जोसेफ प्रिस्टलीला पत्रातून हेच सुचवलं होतं जवळपास. कागदाच्या मधोमध रेघ, एका बाजूला बाजूची कारणं, दुसरीकडे विरोधातली, आणि हे एका बैठकीत न करता तीन-चार दिवस जसं सुचेल तसं लिहीत जायचं, मग सारख्या वजनाची कारणं एकमेकांविरुद्ध खोडायची. ते तीन-चार दिवस महत्त्वाचे आहेत, कारण तुमचं रात्रीचं आणि सकाळचं मन दोघंही त्या कागदावर येतात.

उडीमार

सगळ्यांचं वाचलं, चांगलं आहे, पण मला काळजी वाटते की एवढं तोलत बसलं तर माणूस जन्मभर तोलतच बसतो. थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडव्हेक ह्यांचं १९९५ चं काम बघा. जवळच्या काळात माणसाला केलेल्या गोष्टी जास्त बोचतात, पण आयुष्याकडे मागे वळून बघताना न केलेल्या गोष्टी जास्त सलतात. केलेलं चुकलं तर आपण सावरतो, मार्ग काढतो, मनाची समजूत घालतो, न केलेलं मात्र कल्पनेत वाढतच जातं कारण ते कधी फसलेलंच नसतं.

आणि स्टीव्हन लेव्हिट ह्या अर्थशास्त्रज्ञाने तर चक्क नाणं उडवायला लावलं. ज्यांना नोकरी सोडू का, नातं संपवू का असं काही ठरत नव्हतं अशा लोकांनी वेबसाइटवर येऊन नाणं उडवलं, २० हजारांवर वेळा. ज्यांना नाण्याने बदल कर असं सांगितलं त्यांनी बदल करण्याचं प्रमाण जास्त होतं, आणि सहा महिन्यांनी ते जास्त समाधानी निघाले. तेव्हा ताई, मन अगदी मधोमध असेल तर बदलाच्या बाजूने झुका असं माझं प्रामाणिक मत आहे. आपण आहे त्याला चिकटून राहण्याकडे आधीच झुकलेले असतो.

आकडेमोड

@उडीमार, अभ्यास बरोबर सांगितलात पण एक गोष्ट लक्षात घ्या, ते लोक आधीच कुंपणावर बसलेले होते आणि स्वतःहून तिथे आले होते. निळीशाईंच्या बाबतीत प्रस्ताव नुकताच आलाय आणि वेळ दुसऱ्याने ठरवलीये. माहिती मिळवायची बाकी असताना डळमळणं आणि सगळी माहिती हातात असूनही पाय न उचलणं ह्यात फरक आहे. दुसऱ्या अवस्थेत नाणं उडवा, हरकत नाही. पहिल्या अवस्थेत आधी विचारपूस.

उडीमार

मान्य. माहिती बाकी असेल तर आधी ती. माझा रोख "अजून थोडं बघू" म्हणत दोन वर्षं काढणाऱ्यांवर होता.

जुनापार्टनर

मी स्वतः बरीच वर्षं भागीदारीत काम करतोय आणि चांगलं चाललंय, म्हणून अधिकाराने नाही पण जवळून बघितलेलं सांगतो. निर्णय चांगला की वाईट हे "हो" म्हणण्याच्या क्षणी ठरत नाही हो, त्याच्या आधी काय काय बोलून ठेवलंय त्यात ठरतं.

गॅरी क्लाइन नावाच्या मानसशास्त्रज्ञाची प्री-मॉर्टेम म्हणून एक पद्धत आहे, २००७ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये त्याने लिहिली होती. आपण नेहमी विचारतो की काय चुकू शकतं, आणि उत्साहात असलेली माणसं म्हणतात काही नाही, होईल सगळं. ह्यात उलट करायचं. अशी कल्पना करायची की ठरलेली मुदत उलटून गेलीये आणि सगळं साफ बुडालंय, हे झालंय असंच धरून चालायचं, आणि मग प्रत्येकाने वेगवेगळं बसून लिहायचं की कशामुळे बुडालं. एकत्र बोलून नाही, आधी वेगळं लिहायचं, नाहीतर जी जास्त बोलते तिचंच कागदावर येतं. शंका काढणारा माणूस ह्यात वाईट दिसत नाही, कारण खेळच तो आहे.

तुम्ही दोघींनी एका दुपारी हे करा. मी सांगतो काय काय निघेल. एकीला लवकर पैसे घरी न्यायचेत आणि दुसरीला सगळे परत धंद्यात घालायचेत. एक दिवसाचे बारा तास देतेय, दुसरीच्या घरी आजारपण आलंय आणि ती सहा देतेय, हिस्सा मात्र अर्धा अर्धा. मतभेद झाला आणि दोघींचं वजन सारखंच असल्याने कोणाचंच चालत नाहीये. एकीला बाहेर पडायचंय पण तिच्या हिश्श्याची किंमत कशी काढायची हे कधी ठरलंच नव्हतं. एकीने दुसरीला न विचारता उधारी केली, आणि साध्या भागीदारीत एका भागीदाराने धंद्यासाठी केलेलं देणं सहसा दुसरीच्याही गळ्यात येतं, वेळ आली तर तिच्या स्वतःच्या मालमत्तेपर्यंत, हे तिला तेव्हा कळलं. शेवटचं तर वकिलाला विचारून, कोणत्या स्वरूपात धंदा नोंदवायचा ते ठरवूनच पुढे जा, हे मी हात जोडून सांगतो.

ह्या प्रत्येकावर मैत्री शाबूत असताना बोलणं सोपं असतं. पैसा अडकल्यावर तेच वाक्य आरोप वाटतं. मैत्री आहे म्हणून कागद कशाला असं ती म्हणाली तर सांगा की मैत्री आहे म्हणूनच कागद.

आणि आत शिरायच्या आधी बाहेर कधी पडायचं तेही ठरवा. अमुक तारखेपर्यंत अमुक इतके ग्राहक नसतील तर थांबायचं, अमुक रकमेच्या पलीकडे माझा एक पैसाही जाणार नाही, असं. हे आधी का, तर नंतर ठरवता येत नाही. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर ह्यांनी १९८५ च्या अभ्यासात नाटकांच्या सीझन तिकिटांवर बघितलं होतं, काहींना पूर्ण किमतीत मिळाली, काहींना न सांगता सवलत दिली. पूर्ण पैसे भरलेले लोक सीझनच्या पहिल्या अर्ध्यात जास्त नाटकांना गेले. नाटकं तीच होती, फक्त खिशातून गेलेला पैसा त्यांना ओढत होता. धंद्यात हेच मोठ्या आकड्यांत होतं, एवढे घातले आता आणखी थोडे, आणि त्या आणखी थोड्याला अंत नसतो. लिहिलेली मर्यादा असली की निदान ती ओलांडताना हात थबकतो.

निळीशाई

तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ काढून लिहिलंत, खरंच मनापासून धन्यवाद. सगळं दोनदा वाचलं.

तिला फोन केला. मुदत कशामुळे ते विचारलं तर एका जागेचा करार आहे आणि तो खरंच ह्या महिन्यात करायचाय, म्हणजे मुदत खरी आहे पण आठवडा नाही, महिना आहे. थोडी नाराज झाली सुरुवातीला, मग स्वतःच म्हणाली की तिलाही मनातून धाकधूक आहे आणि कोणाला सांगितलं नव्हतं. ते ऐकून मला उलट बरं वाटलं. रविवारी दोघी ते बुडाल्याचं लिहायला बसतोय. सध्या सुट्टीच्या दिवशी काम करून बघायचं, पैशाचं महिनाअखेरीला.

आता एक शंका. सावकाशदादा म्हणतायत परत फिरता येईल असं ठेवा. मला माझा स्वभाव माहितीये, दार उघडं असलं की मी रोज त्या दारात उभी राहून बघणार, बरोबर केलं का, परत जाऊ का. मग ना इथलं ना तिथलं. ह्याचं काय करायचं?

मनमोकळी

फार बरोबर पकडलंस हे. डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट ह्यांचा २००२ चा एक अभ्यास आहे, फोटोग्राफी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना स्वतः काढलेल्या दोन फोटोंपैकी एक ठेवून घ्यायला सांगितला. काहींना सांगितलं नंतर बदलता येईल, काहींना सांगितलं आता फायनल. ज्यांना बदलता येणार होतं त्यांना आपला फोटो नंतर कमी आवडला. आणि आधी विचारलं तर माणसांना बदलायची सोय असलेलीच हवी असते! म्हणजे आपल्याला जे हवंसं वाटतं तेच आपलं समाधान खातं.

म्हणून मला वाटतं दार उघडं ठेव पण त्यात उभं राहायची वेळ ठरवून घे. समजा उतरायचं ठरलं, तर उजळणीची तारीख आत्ताच घाल, दोघींनी मिळून. त्या दिवशी मोकळ्या मनाने सगळं परत मांडायचं, आकडे बघायचे, राहू की निघू हेही विचारायचं. मधल्या काळात शंका आली तर वहीत लिहायची आणि त्या तारखेला ठेवून द्यायची, रोज कोर्ट भरवायचं नाही. फक्त काही खरंच नवीन कळलं तर, म्हणजे हिशोबात लपवाछपवी दिसली, तब्येत बिघडली असं, तर तारखेची वाट बघायची नाही.

सावकाश

मनमोकळींचं पटलं, मी परत फिरता येईल असं म्हणालो तेव्हा ही बाजू सांगायला हवी होती. एक जोडतो, तारीख फार जवळची ठेवू नका. धंद्याचे पहिले काही महिने कोणाचेही वाईटच दिसतात, तेवढ्यावर निवाडा केला तर तो चुकणार. आणि ऑफिसात अजून काही सांगू नका, राजीनामा देण्याआधी ते बिनपगारी मोठी रजा देतात का ते नियम वाचून बघा, बऱ्याच ठिकाणी तरतूद असते आणि कोणी विचारत नाही म्हणून कोणाला माहीत नसते.

निळीशाई

रजेचं डोक्यातच आलं नव्हतं! नियमावली काढून बघते आजच. जुनापार्टनर, वकिलाकडे जाताना सोबत काय काय नेऊ? आम्हा दोघींनाही ह्यातलं काही कळत नाही.

जुनापार्टनर

रविवारी जे लिहाल ते दोन्ही कागद न्या, वकिलाला त्याहून चांगली यादी मिळणार नाही. कोण किती पैसे घालतंय आणि ते पैसे भांडवल की उसने, महिन्याला कोणी किती घ्यायचे, सह्या कोणाच्या चालणार, मोठ्या खर्चाला दोघींची संमती लागेल ती रक्कम कोणती, एकीला काही झालं तर तिच्या वारसांचं काय, आणि बाहेर पडायची पद्धत. ह्यातलं जे ठरलं नसेल त्यापुढे "ठरलं नाही" असं लिहा, रिकामं सोडू नका. आणि दोघी एकत्र जाण्याआधी एकदा तुम्ही एकट्या, तुमच्या स्वतःच्या वकिलाला तो मसुदा दाखवून घ्या. तिलाही तेच करायला सांगा.